हिरवा खेकडा गोदावरीतून वर येईल का? माजलगावच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांना पण कळंल. सर माजलगावकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांनी आठवीच्या पोरांना अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्याचा व्हिडिओ दाखवला, पिंजरेच्या पिंजरे भरून खेकडे काढायलेत असा, आणि पोरांनी तीन प्रश्न विचारले. हा खेकडा समुद्रातून गोदावरीनं वर आपल्या धरणात येईल का? आपल्या कालव्यात अन् विहिरीत खेकडे आहेत ते पण असेच बाहेरून आलेत का, मग ते मारायचे का? आणि तिसरा, इतके पकडायलेत तरी संपत कामून नाहीत?

तिन्ही प्रश्न एकदम मुद्द्याचे आहेत, पोरांना शाबासकी द्या. मी काही वर्षं तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चिंबोरीच्या, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्याच्या, हॅचरीत (अंड्यातून पिल्लं काढून वाढवायच्या केंद्रात) काम केलंय आणि आता मराठवाड्यातल्या तलावांवर मत्स्यबीजाचं काम बघतो, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. हा खेकडा माजलगावला येणार नाही. पण "समुद्र लई लांब आहे म्हणून" असं कारण पोरांना देऊ नका, कारण अंतरानं अडत नसणारे खेकडे पण आहेत, चीनचा एक खेकडा नदीनं शेकडो किलोमीटर आत चालत जातो, त्याच्याविषयी पुढं लिहितो. खरं कारण खेकड्याच्या पिल्लात आहे. खेकडा कुठं पसरंल, किती पसरंल, कुठं अडंल हे समजून घ्यायचं असंल तर मोठ्या खेकड्याकडं बघून काही कळत नाही, त्याची अळी बघावी लागती.

समुद्री खेकड्याच्या अंड्यातून खेकडा निघत नाही. निघतो तो झोइया, म्हणजे त्याची अळी. हॅचरीत आम्ही रोज सकाळी टाकीतलं पाणी काचेच्या बीकरमधी घेऊन बघायचो, त्यात जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, पारदर्शक, मोठ्या काळ्या डोळ्यांचे जीव असतात, पाठीवर एक काटा वर, एक काटा तोंडासमोर, आणि शेपूट वळवून वळवून झटके मारत पोहतात. बीकरला एका बाजूनं टॉर्च लावला की जेवढे धडधाकट आहेत तेवढे सगळे उजेडाकडं जमा होतात, जे खाली बसून राहतात ते दुबळे, त्यावरून आम्ही त्या बॅचचं भवितव्य सांगायचो. कोणालाही दाखवा, हा खेकडा आहे म्हणून तो मान्य करणार नाही. चिंबोरीच्या झोइयाचे पाच टप्पे होतात, मग त्याचा मेगालोपा होतो, त्याला नांग्या येतात पण शेपूट अजून मागं असते, आणि त्यानंतर कुठं पहिला नखाएवढा खेकडा तयार होतो. या सगळ्या काळात पाणी २८ ते ३२ पीपीटी खारं ठेवावं लागतं, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात २८ ते ३२ ग्रॅम मीठ. गोड्या पाण्यात टाकला तर झोइया तिथल्या तिथं मरतो.

हिरव्या खेकड्याचं पण तसंच. शास्त्रीय नाव कार्सिनस मीनास. मूळचा युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. पाठ नऊ-दहा सेंटिमीटर रुंद झाली म्हणजे मोठा झाला, आपल्या चिंबोरीपुढं तर बारकाच. एक मादी एका वेळी १ लाख ८५ हजारापर्यंत अंडी देऊ शकते. त्यातून झोइया निघतात, चार टप्पे झोइयाचे, मग मेगालोपा, आणि पाणी थंड असंल तर हा काळ दोन-अडीच महिन्यांपर्यंत लांबतो. तेवढे दिवस ते प्रवाहाबरोबर जातात, रुईच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर जातात तसे. पण एकदम निराधार पण नसतात बरं का, ओहोटीच्या वेळी पाण्यात वर येतात म्हणजे खाडीतून बाहेर समुद्रात जाता येतं, आणि मेगालोपा झाल्यावर भरतीच्या पाण्यात वर येतात म्हणजे परत खाडीत शिरता येतं. एवढ्याशा जिवाला भरती-ओहोटी कळते याचं मला इतकी वर्षं काम करून पण नवल वाटतं.

मोठा झालेला हिरवा खेकडा लई चिवट. पाणी गोठायला आलं तरी जगतो, ३० अंशांपर्यंतची गरमी काढतो, ४ पीपीटीच्या जवळपास गोड्या पाण्यापासून ५२ पीपीटीच्या कडक खाऱ्या पाण्यापर्यंत तग धरतो, ओलसर शेवाळात गुंडाळून ठेवला तर पाण्याबाहेर कित्येक दिवस मरत नाही. शिंपले, कालवं, गोगलगायी, किडे, दुसऱ्या खेकड्यांची पिल्लं, आणि स्वतःच्या जातीची पिल्लं पण, जे सापडंल ते खातो. असा प्राणी कुठंही जगंल असं वाटतं, पण अळी एवढी सोशिक नाही. तिला समुद्राएवढं नाही तरी बऱ्यापैकी खारं पाणी लागतं, आणि तापमान साधारण ९ ते २२ अंशांच्या पट्ट्यात लागतं. आता आपला कोकणचा समुद्र २५ ते ३० अंशांत असतो. म्हणजे जहाजातून एखादा हिरवा खेकडा मुंबईला उतरला तरी तो स्वतः जगंल, पण त्याचा वंश बसायचा नाही. जगात ज्या ठिकाणी त्यानं खरोखर ठाण मांडलंय ते सगळे थंड किंवा समशीतोष्ण किनारे आहेत, उष्ण कटिबंधात एक-दोन नग सापडल्याच्या जुन्या नोंदी आहेत, वस्ती कुठं नाही. हा मुद्दा पोरांना नीट सांगा सर, की एखादी जात कुठं टिकंल हे तिच्या सगळ्यात नाजूक अवस्थेवर ठरतं. पीक शास्त्रात पण आपण हेच शिकवतो की उगवणीच्या वेळची परिस्थिती बघा.

आता तो पसरला कसा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याची पहिली नोंद १८१७ ची. त्या काळची लाकडी जहाजं, बुडाला किडे भोकं पाडायचे त्या भोकांत, शेवाळात, बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या थरात खेकडे बसून यायचे, आणि जहाज स्थिर राहावं म्हणून तळाला किनाऱ्यावरचे दगडगोटे भरायचे त्यात पण. पुढं लोखंडी जहाजं आली तसं दगडाच्या जागी समुद्राचं पाणीच टाक्यात भरायला लागले, त्याला बॅलास्ट वॉटर म्हणतात. माल उतरवला की जहाज हलकं होतं, मग बंदरातलं पाणी आत घ्यायचं, आणि दुसऱ्या बंदरात माल भरताना ते पाणी तिथं सोडून द्यायचं. त्या पाण्यात झोइया असतात. म्हणजे ज्या अळीला निसर्गात महासागर ओलांडता येत नव्हता, तिला फुकटात सोय झाली.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या पोर्ट फिलिप खाडीत तो १९०० च्या आसपास आला, टास्मानियात १९९३ ला, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या गोदीत १९८३ ला, अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात २००३ ला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत १९८९ ला. तिथं तो पूर्व किनाऱ्यावरून गळाला लावायचे जिवंत किडे ज्या समुद्री शेवाळात पॅक करून विमानानं पाठवायचे त्या शेवाळातून आला असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. तिथून पुढं ओरेगॉन, वॉशिंग्टन, कॅनडा इतक्या झटपट गेला की लोक चक्रावले. पण १९९७-९८ चा एल निनो आठवा. आपल्याकडं एल निनो म्हटलं की पावसाची काळजी, तिकडं त्या वर्षी किनाऱ्यालगतचा उत्तरेकडं जाणारा प्रवाह जोरात होता आणि कॅलिफोर्नियातल्या अळ्या त्यावर बसून शेकडो किलोमीटर वर गेल्या. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियापर्यंत खेकडे सापडायला लागले. २०२२ ला अलास्कात पोचला.

पूर्व किनाऱ्यावरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटती. तिथं खेकडा उत्तरेकडं सरकत सरकत १९५० च्या दशकात कॅनडाच्या बे ऑफ फंडीपर्यंत गेला आणि मग बरीच वर्षं नोव्हा स्कोशियाच्या आसपास अडकल्यासारखा झाला, लोकांना वाटलं थंडीनं अडवलं, आता पुढं जात नाही. आणि १९८०-९० नंतर एकदम परत पळत सुटला, २००७ पर्यंत न्यूफाउंडलंडला पोचला. जनुकं तपासली तेव्हा कळलं की हे जुन्या खेकड्यांचे वंशज नव्हतेच, युरोपच्या उत्तर भागातून, जास्त थंड पाण्यातून, दुसरी खेप आली होती. म्हणजे एकदा आलाच आहे आता काय राखायचं असं म्हणून दार उघडं ठेवलं तर त्याच जातीची दुसरी, जास्त कणखर पिढी येऊ शकते. आपल्याकडं तलावात परक्या माशाबद्दल हेच बोललं जातं, "आता आहेच की सगळीकडं, अजून सोडलं तर काय बिघडलं". बिघडतं.

नुकसान काय करतो? १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि आसपासच्या भागात मऊ कवचाच्या शिंपल्यांचा धंदा कोसळला, त्याचं मोठं कारण हा खेकडा मानतात. चिखलात उकरून शिंपले काढायचे हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांच्यावर काय वेळ आली असंल ते दुष्काळात तलाव आटल्यावर आपल्या भोई लोकांचं काय होतं त्यावरून समजा. कॅलिफोर्नियातल्या बोडेगा खाडीत अभ्यासकांनी खेकडा येण्याच्या आधीपासून मोजमाप ठेवलं होतं, म्हणून तिथला हिशोब पक्का आहे. तो आल्यावर तीन वर्षांच्या आत तिथले बारके स्थानिक शिंपले आणि एक स्थानिक किनारी खेकडा पाच ते दहा पटीनं कमी झाले. आधीची मोजदाद नसती तर हे कोणाला कळलंच नसतं. ईलग्रास म्हणून उथळ समुद्रात वाढणारं गवत असतं, त्यात माशांची आणि खेकड्यांची पिल्लं लपून वाढतात, हा शिंपले शोधताना ते गवत मुळापासून उकरतो, कोंब कापतो. त्यानं गवत जातं आणि त्याच्याबरोबर पिल्लांचं घर जातं.

आणि एक बघण्यासारखं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गोगलगायीचे जुने शंख संग्रहालयात होते, १९०० च्या आधीचे, ते पातळ आणि उंच टोकाचे. १९८० च्या दशकात त्याच जातीचे शंख गोळा केले तर जाड आणि बुटके निघाले. खेकड्याला पातळ शंख फोडता येतो, जाड फोडता येत नाही, त्यामुळं शंभर वर्षांत जाड शंखवाल्याच टिकल्या. दहावीला उत्क्रांती शिकवताना जिराफाच्या मानेऐवजी हे उदाहरण द्या, पोरांच्या कायम लक्षात राहील.

आता तिसरा प्रश्न, पकडून संपत कामून नाहीत. याच्यावर मी जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडं तलाव साफ करायच्या मोहिमा निघतात त्यांना पण हे लागू होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला स्टिन्सन बीच म्हणून गाव आहे, तिथं सीड्रिफ्ट नावाचा एक लगून आहे, म्हणजे समुद्राला जेमतेम जोडलेलं, काठानं घरं असलेलं बंदिस्त पाणी. जवळजवळ तलावच म्हणा. अभ्यासकांनी विचार केला की उघड्या किनाऱ्यावर जमत नाही पण इथं नक्की जमंल. २००९ ला सुरुवात केली तेव्हा अंदाजे सव्वा लाख हिरवे खेकडे होते. संशोधक, गावातले स्वयंसेवक, सगळ्यांनी पिंजरे लावून वर्षानुवर्षं काढले आणि २०१३ पर्यंत संख्या १० हजाराच्या खाली आली. ९० टक्क्यांच्या वर काम फत्ते. आणि २०१४ ला मोजलं तर तीन लाखाच्या आसपास. सुरुवातीला होते त्याच्या दुप्पट-अडीचपट.

हे झालं कसं, तर मोठे खेकडे पिल्लं खातात, स्वतःच्याच जातीची. पिंजऱ्यात मोठेच खेकडे येतात, बारके जाळीतून निघून जातात. म्हणजे माणसानं पिल्लांवरचा पहारा उठवला. त्या वर्षी जेवढी पिल्लं बसली तेवढी जवळजवळ सगळी वाढली. हॅचरीत मी हे रोज बघितलंय, मेगालोपा झाले आणि टाकीत लपायला जाळी-बिळी टाकली नाही की दोन दिवसांत निम्मे एकमेकांच्या पोटात. फरक एवढाच की आमच्यासाठी ते नुकसान होतं आणि लगूनमधी तेच संख्येला धरून ठेवणारं बंधन होतं. सीड्रिफ्टचा हा अभ्यास २०२१ ला प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणची भाषा बदलली, समूळ नायनाट म्हणायच्या ऐवजी संख्या इतकी खाली ठेवायची की स्थानिक शिंपले, गवत, पिल्लं यांना श्वास घेता येईल, आणि ती कायम तिथंच ठेवायची, दरवर्षी, न थांबता. माझ्या मते हे बरोबर आहे. एका हंगामात जोर लावून फोटो काढून मोकळं व्हायच्या मोहिमेनं उलट परिणाम होऊ शकतो.

याचा अर्थ पकडू नये असा घेऊ नका. वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२२ मधी गव्हर्नरनी आणीबाणीचा आदेश काढला, त्या वर्षात अडीच लाखापेक्षा जास्त खेकडे काढले, त्यात लमी आणि मकाह या तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा मोठा वाटा, कारण शिंपले आणि मासे हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे. तुमच्या व्हिडिओतले पिंजरे बहुतेक तिकडचेच असावेत. काढलेच पाहिजेत, फक्त काढत राहिले पाहिजेत, आणि नवीन ठिकाणी पहिला खेकडा दिसला त्याच आठवड्यात तुटून पडलं पाहिजे, कारण तेव्हा ते दहा-वीस असतात. खाऊन संपवू असं पण बरेच लोक म्हणतात. इटलीत २०२३ ला पो नदीच्या मुखाशी निळ्या खेकड्यानं शिंपल्यांची शेती उद्ध्वस्त केली तेव्हा सरकारनं पैसा दिला, हॉटेलात पदार्थ निघाले. खायला हरकत नाही, पण धंदा उभा राहिला की धंदेवाल्याला तो प्राणी संपलेला परवडत नाही, आणि मग कोणीतरी तो नवीन पाण्यात नेऊन सोडतो. आपल्याकडं थाई मांगूर मासा असाच पसरला, बंदी आहे २००० सालापासून तरी चोरून पाळतात, पुरात तळ्यातून सुटला की ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि तिथले देशी मासे फस्त करतो.

आता चीनच्या त्या खेकड्याविषयी. त्याला मिटन क्रॅब म्हणतात, नांग्यांवर दाट केस असतात, हातमोजे घातल्यासारखे. हा नदीत राहतो, वाढतो, आणि आयुष्यात एकदा पिल्लं घालायला नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात उतरतो आणि मरतो. पिल्लं परत नदीनं वर चढतात. १९१२ ला जर्मनीत सापडला, १९३५ ला इंग्लंडच्या थेम्समधी, १९९२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, आणि एल्ब नदीनं तर पार प्राग शहरापर्यंत गेला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. काठात बिळं करतो, भराव पोखरतो. पोरांनी विचारलंय तसा "नदीनं वर येणारा" खेकडा असंल तर तो हा. पण त्याच्या अळीला पण खारं पाणी लागतंच, आणि गोदावरी १४६५ किलोमीटरची, मुखापासून वर येताना आंध्रात धवळेश्वरम, पुढं तेलंगणात श्रीरामसागर, मग आपलं बाभळी, नांदेडचं विष्णुपुरी, इतकी बांधकामं ओलांडून वर यायचं आणि परत तितकंच खाली जायचं. म्हणून तो पण इथवर येणं अवघडच, वर आपल्या पाण्याच्या गरमीची अडचण वेगळी.

तुम्हाला याचं एक घरचं उदाहरण देतो जे पोरं स्वतः बघू शकतात. आपल्याकडं तलावात आणि शेततळ्यात गोड्या पाण्यातला मोठा झिंगा सोडतात, निळ्या लांब नांग्यावाला. तो मस्त वाढतो, माद्यांच्या पोटाखाली नारिंगी अंडी पण दिसतात, पण तळ्यात कधी पिल्लं झाली असं कोणी बघितलंय का? होत नाहीत. कारण त्याच्या अळीला पण साधारण १२ पीपीटी खारं पाणी लागतं, म्हणून दरवर्षी बीज किनाऱ्याकडच्या हॅचरीतून आणावं लागतं. मच्छीमार सोसायटीच्या कोणाला पण विचारा, बीजाचा खर्च तो तोंडपाठ सांगंल. हिरवा खेकडा माजलगावला कामून येणार नाही याचं उत्तर त्या झिंग्यातच आहे.

दुसऱ्या प्रश्नावर येतो आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या कालव्यात, ओढ्यात, विहिरीच्या कपारीत, बंधाऱ्याच्या काठाला जे तपकिरी-काळपट खेकडे दिसतात ते शंभर टक्के इथलेच. मराठवाड्यात जास्त करून बॅरिटेलफुसा या जातकुळीतले. हे समुद्रातून आलेले नाहीत आणि समुद्राकडं कधी जात पण नाहीत. यांच्यात झोइया नाही, मेगालोपा नाही, काहीच नाही. मादी मोजकी पण मोठी अंडी घालते, ती पोटाखालच्या झाकणात धरून ठेवते, आणि अंड्यातून थेट पूर्ण तयार झालेला बारका खेकडा निघतो, आठ पाय, दोन नांग्या, सगळं. ती पिल्लं पण काही दिवस आईच्या झाकणाखालीच राहतात. पावसाळ्यात ओढ्याच्या काठाला एखादी मादी सापडली, जिचं पोटाखालचं झाकण फुगल्यासारखं उघडं दिसतंय, तर हळूच उलटी करून बघा, आत ज्वारीच्या दाण्याएवढी फिकट पिल्लं एकमेकांना धरून दाटीवाटीनं बसलेली असतात, आईला हलवलं की सगळी एकदम हलतात. मी अजून पण दिसली की थांबून बघतो. बघून झालं की मादी जिथून उचलली तिथंच ठेवायची, दुसऱ्या ओढ्याला नाही.

आता दोन्ही खेकडे शेजारी ठेवून विचार करा. समुद्रातला लाखावर अंडी घालतो, पिल्लं निघाली की एकाकडं पण बघत नाही, आणि ती प्रवाहावर जिकडं तिकडं जातात, त्यामुळं तो जग व्यापू शकतो. आपला मोजकी पिल्लं जपतो, ती जिथं जन्मली त्याच ओढ्यात, त्याच काठाला राहतात, पिढ्यान्‌पिढ्या. एका डोंगराच्या दोन बाजूच्या ओढ्यात वेगवेगळ्या जाती तयार होऊ शकतात त्या याच कारणानं. आणि याच कारणानं एखाद्या ओढ्यातले संपले तर शेजारून वाहत येऊन ती जागा भरत नाही. मारायचे का हा पोरांचा प्रश्न आहे त्याचं उत्तर इथं आहे. सडका पाला, मेलेले मासे, गोगलगायी खाऊन हा खेकडा ओढा साफ ठेवतो, आणि बगळे, ढोक, मुंगूस यांचं ते अन्न आहे. खायला पकडणारे पकडतात, त्यात चुकीचं काही नाही, फक्त पोटाखाली अंडी-पिल्लं असलेली मादी सोडून द्यावी आणि खेकडा कधी कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाऊ नये, गोड्या पाण्याच्या खेकड्यातून फुप्फुसाचा जंत माणसात येऊ शकतो. बाकी ओढ्यात औषधाचे पंप धुणं आणि कालवे सिमेंटनं लिंपणं याचा त्यांना पकडणाऱ्यांपेक्षा जास्त मार बसतो असं माझं स्पष्ट मत आहे.

बिळं करतात आणि बांध फोडतात हा आरोप पण येईल, २०१९ ला कोकणात तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांचं नाव पुढं आलं होतं. खेकडा मातीच्या भरावात बीळ करतो हे खरं. पण नीट दाबलेला, पिचिंग केलेला (वरून दगड बसवलेला), देखभाल असलेला भराव खेकड्यानं फुटत नाही. भरावाला ओल दिसायला लागली तर बीळ शोधण्याच्या आधी पाझर कुठून आहे ते इंजिनिअरला बघायला सांगा.

मग मराठवाड्यात धोका कशाचा आहे? किनाऱ्याच्या खेकड्याचा नाही, पण ज्यांना समुद्र लागतच नाही अशा प्राण्यांचा आहे. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, १९५२ ला भारतात आणली, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, गोड्या पाण्यातच सगळं उरकतं, आणि आज आपल्या बहुतेक तलावांत ती आहे. तिच्यात आणि हिरव्या खेकड्यात पसरण्याची तऱ्हा एकदम उलटी, पण दोघांना नवीन पाण्यात उचलून ठेवणारा हात एकच आहे, माणसाचा. यापुढं मला सगळ्यात जास्त काळजी मार्बल्ड क्रेफिशची वाटती, म्हणजे झिंग्यासारखा पण जाड नांग्यांचा, अंगभर संगमरवरी ठिपक्यांचा प्राणी. १९९० च्या दशकात जर्मनीत ॲक्वेरियमवाल्यांकडं हा पहिल्यांदा लक्षात आला. सगळ्या माद्याच असतात, नराची गरजच नाही, एकटी मादी हुबेहूब स्वतःसारखी पिल्लं काढते. मादागास्करमधी भाताच्या शेतात आणि ओढ्यात पसरला. अशी एक मादी कोणी काचेच्या पेटीतून कंटाळून नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, सोडली तर तिला जोडीदार शोधायचा नाही, समुद्र गाठायचा नाही, काहीच करायचं नाही. जायकवाडीत मासे, पक्षी, त्यांच्यावर जगणारी भोई-कोळी कुटुंबं, सगळं त्या पाण्यावर आहे. म्हणून ॲक्वेरियममधला कुठलाच प्राणी, मासा, कासव, क्रेफिश, शंख, ओढ्यात-विहिरीत-धरणात सोडायचा नाही, गणपती विसर्जनाच्या वेळी पुण्य म्हणून पण नाही. नको असंल तर दुकानदाराला परत द्यायचा, किंवा शाळेच्या पेटीत ठेवायचा.

जहाजांसाठी जगानं नियम केलेत, बॅलास्ट वॉटरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ ला झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला, आता जहाजांना पाणी प्रक्रिया करून सोडावं लागतं. त्याला किती वर्षं लागली बघा, १८१७ पासून. शेततळ्याला आणि ॲक्वेरियमच्या दुकानाला अशी जागतिक सभा बसणार नाही, ते गावातच ठरवावं लागंल, आणि मला तर शाळेतल्या पोरांवर जास्त भरवसा आहे. वॉशिंग्टनच्या आतल्या खाडीत २०१६ ला पहिला हिरवा खेकडा स्वयंसेवकांना सापडला, अलास्कात २०२२ ला पहिली टाकलेली पाठ किनाऱ्यावर फिरणाऱ्या तरुण इंटर्न पोरांना सापडली.

तर सर, तुमच्या वर्गासाठी एक काम सुचवतो. शाळेच्या जवळचा एखादा ओढा किंवा कालव्याचा टप्पा निवडा, मोठ्या माणसाबरोबर जायचं, कालव्याला पाणी सुटलेलं असताना आणि पुराच्या दिवसांत अजिबात जायचं नाही. बिळात हात घालायचा नाही, तिथं साप असतो. खेकडे पकडायची पण गरज नाही, त्यांनी टाकलेली कात काठाला पडलेली मिळते, ती पोकळ आणि हलकी असते, वास येत नाही. वास येतोय, आत मांस आहे, म्हणजे तो मेलेला खेकडा, कात नाही. पाठीवर पट्टी ठेवून रुंदी मोजा. उलटी करून पोटाखालचं झाकण बघा, अरुंद त्रिकोणी म्हणजे नर, रुंद गोल म्हणजे मादी. तारीख, जागा, पाणी होतं की नव्हतं, एवढं वहीत लिहा आणि पट्टीसकट फोटो काढा. जून ते डिसेंबर दर पंधरा दिवसांनी तेच करा आणि पुढच्या वर्षीच्या आठवीला ती वही द्या. बोडेगाच्या लोकांकडं आधीची मोजदाद होती म्हणून त्यांना काय गेलं ते सांगता आलं, आपल्या ओढ्यांची तशी एक पण वही माझ्या बघण्यात नाही.

आणि वेगळं काही दिसलं, लांब शेपटीचा झिंग्यासारखा पण खेकड्यासारख्या जाड नांग्यांचा, किंवा अंगभर संगमरवरी ठिपके असलेला प्राणी, तर तो परत पाण्यात सोडू नका, बादलीत ठेवा, फोटो काढा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. मला पण इथं फोटो टाका, ओळखायला मदत करीन.